लंगडी वाजवणाऱ्या विहीणबाई

दुपारी जेवून जरा आडवं झालं की हल्ली मला धड झोप लागत नाही आणि धड जागही राहत नाही. पंखा फिरत असतो, बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडलेला असतो, आणि त्या गुंगीत माझ्या उशाशी कुणीतरी फिडल वाजवायला लागतं. सूर बारीक, जरासा खरखरीत. एक पाऊल टेकतं, दुसरं नुसतं शिवतं, मग एक झोका. पुन्हा टेकतं, शिवतं, झोका. चादरीखाली माझे पाय आपोआप हलायला लागतात. आमचे हे शेजारून विचारतात, "मुंग्या आल्या का?" मी "हो" म्हणते आणि कूस बदलते. आता ह्यांना काय सांगू, विहीणबाई आल्या म्हणून!

विहीणबाई म्हणजे यमुनाबाई, माझ्या सुनेची, वर्षाची आई. अंजनगाव सुर्जीच्या, पानमळेवाल्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत येईल. आम्ही दोघी आयुष्यभर एकमेकींना अहो-जाहोच करत राहिलो. मी त्यांना विहीणबाई म्हणायची, त्या मला इहीनबाई. एवढा मान ठेवून आम्ही जेवढं भांडलो तेवढं सख्ख्या बहिणीसुद्धा भांडत नसतील.

मुलगी पाहायला आम्ही अंजनगावला गेलो तेव्हा मी चांगली ठेवणीतली पैठणी नेसून, तोंडावर मुलाच्या आईचं तेज वगैरे आणून बसले होते. विहीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. चहाचा कप हातात दिला तोही माझ्या पावलांकडे बघत. मला वाटलं, साडीला काही लागलं की काय! मी पाय आत ओढून घेतले, तर म्हणतात, "राहू द्या ना बाहीर, पाहून राहिली मी. बसके हायेत, रुंद हायेत. चांगले पाय हायेत तुमचे इहीनबाई, नाचता येईन तुमाले."

अजून होकार-नकार व्हायचा होता आणि मी इहीनबाई झाले होते. आणि नाचणार होते म्हणे! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे लाडू खाण्यात गुंग.

मग त्या मला एकटीला मळा दाखवायला घेऊन गेल्या. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, त्या बाहेर काढायच्या. आत शिरले आणि बाहेरचं रखरखीत ऊन एकदम बंदच झालं. वर वेलींचं छत, दोन्ही बाजूंना उंच चढलेली पानं, आणि त्यातून झिरपणारा हिरवट उजेड. पायाखाली ओली थंड माती. सरीतून पाणी इतकं हळू वाहत होतं की ते वाहतंय हे थोडा वेळ उभं राहिल्यावर कळावं. विहीणबाई पुढे चालत कुठे दिसेनाशा झाल्या. मी एकटीच त्या हिरव्या बोळात. आणि कुठून तरी फिडल वाजायला लागलं. कुठून ते कळेना. पानांच्या मागून, बाजूनं, वरून. मी चालले की ते चाले, मी थबकले की तेही रेंगाळे. मला वाटलं, मला भास होतोय. ते सारं खरंच घडलं की मला नंतर स्वप्नात दिसलं, हे आज विचाराल तर मला छातीठोक सांगता यायचं नाही. पण एका वळणावर विहीणबाई उभ्या होत्या, फिडल छातीला टेकवलेलं, पदर खोचलेला, आणि नजर वेलींच्या बुडाशी. खालची पानं खुडून झालेली होती आणि त्या फटीतून माझे पाय त्यांना दिसत होते.

"हे लंगडी," त्या म्हणाल्या. "माह्या बापाची चाल. तुमाले वाजवून दाखोली."

त्यांचे वडील दंडारीत फिडल वाजवायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाच-सोंगांचा खेळ. एक सोंग आत जाऊन दुसरं बाहेर येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला लंगडी वाजायची, आणि बसलेली माणसं उठून जागच्या जागी झुलायची. तिथून ती लग्नात आली, भुलाबाईच्या दिवसांत बायकांच्या फेरात आली. व्हायोलिन म्हटलेलं विहीणबाईंना चालत नसे. "व्हायोलिन शिनिमात राह्यते. हे फिडल हाय," असं बजावायच्या. बाळापूरकडेही लंगडी वाजवतात म्हणे, पण तिकडचे लोक तिला सरळ करून टाकतात, असं त्या नाक मुरडून सांगायच्या. बढाया मारण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. "माह्यावानी लंगडी आख्ख्या वऱ्हाडात कोनी वाजवून दाखवावं!" हे वाक्य त्या कुणी विचारलं नसताना दिवसातून एकदा तरी म्हणत. गंमत म्हणजे ते खरं असावं.

लग्न आमच्याकडे अकोल्याला ठरलं. कार्यालय चांगलं, लॉन, दिवे, सगळं. विहीणबाईंचा फोन आला, "मातीचं काय केलं?"

"कसली माती?"

"अवो बाप्पा! इहिनीचा फेर कायच्यावर कराचा मंग?"

तेव्हा मला कळलं. त्यांच्याकडची रीत अशी की जेवणं उरकली, लेक निघायची वेळ झाली, की दोन्ही विहिणींनी अनवाणी पायांनी काळ्या मातीवर लंगडीचा फेर धरायचा. लेक ह्या घरातून त्या घरात जाणार, तर तिच्या आधी दोन्ही आयांची पावलं एका मातीत पडली पाहिजेत. मी म्हटलं, लॉनवर करू. पलीकडून फोन बंद. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्यांमागून एक ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीत त्यांच्या वावरातली काळीभोर माती! कार्यालयाचा व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसला. पण विहीणबाईंपुढे कुणाचं काय चालणार! मंडपामागच्या मोकळ्या जागेत माती पसरली गेली, अगदी पापडासारखी एकसारखी.

आणि इथे आमच्या ह्यांनी कर्तबगारी दाखवली. हे जन्मापासून अकोल्यातच वाढलेले, वावर पाहिलं ते एस.टी.च्या खिडकीतून. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून ह्यांनी कुणाला न विचारता नळाला पाइप लावला आणि त्या मातीवर छान सडा घातला. सडा कसला, पाटच सोडला! वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर पाणी ओतून तिच्यात दुसऱ्यांना चालायला लावणारा माणूस ह्यांच्याशिवाय दुसरा सापडायचा नाही. फेराची वेळ झाली, आम्ही दोघी उतरलो आणि दुसऱ्याच पावलाला माझ्या तळव्याला विटेएवढा चिखल चिकटला. तिसऱ्या पावलाला दोन विटा. अंजनगावच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातल्याच एकीनं कुजबुज केली की यमुनेचा नवरा वारलेला, तिनं फेर धरू नये. ती कुजबुज विहीणबाईंच्या कानावर गेलीच. तिथूनच ओरडल्या, "मानूस गेला माहा, पाय थोडी गेले!"

मला म्हणाल्या, "माहे हात फिडलात गुतले. तुमी पदर धरा."

मी त्यांच्या पदराचं टोक धरलं. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, त्या चिखलाच्या विटांकडे, आणि लंगडी धरली. एरवी उड्या मारणारी ती चाल इतकी संथ झाली की काय सांगू. पाऊल चिखलातून सुटायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ एकच सूर लांबत राही, आणि पाऊल सुटलं की चटकन झोका येई. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं होतं. हसणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. वर्षा मुंडावळ्या सावरत काठावर उभी होती आणि रडायचं विसरून आमचे पाय पाहत होती. आम्ही किती फेर घेतले कोण जाणे. पाय जड होते, पण नाचणं जड वाटत नव्हतं. इतकी संथ लंगडी मी पुन्हा कधीच ऐकली नाही.

नंतर नळावर त्यांनी स्वतः माझे पाय धुतले. मी नको नको म्हणत होते. "उगे राहा," म्हणाल्या, "आमच्याच वावरातली माती हाय."

पुढे त्यांचं नाव जरा झालं. मोबाइलवर कुणीतरी त्यांचा भुलाबाईचा फेर टाकला आणि अमरावतीच्या एका मंडळानं त्यांना कार्यक्रमाला बोलावलं. सोबत मी. सभागृह गार, खुर्च्या मऊ. निवेदकानं माईकवरून सांगितलं की आता आपण लुप्त होत चाललेली एक लोककला ऐकणार आहोत. विहीणबाई विंगेतून माझ्याकडे वळल्या, "लुप्त कुठं झाली वं? म्या तं आत्ताच चहा पेली." तसल्याच मूडमध्ये त्या मंचावर गेल्या. फिडल छातीशी धरलं, समोर पाहिलं. गादीच्या खुर्च्यांत बसलेली माणसं, पाय पुढच्या रांगेच्या अंधारात. विहीणबाई म्हणाल्या, "उठा." लोक हसले. त्या पुन्हा म्हणाल्या, "उठा ना. असे बसून राहान तं मी कशी वाजवू?" पुन्हा हशा. त्या उभ्याच. बराच वेळ तशाच उभ्या राहून त्यांनी फिडल खाली केलं, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि मंचावरून उतरल्या.

मला इतका संताप आला होता! परतीच्या बसमध्ये बडनेरा येईपर्यंत मी कशीबशी कळ काढली. मग फुटलेच. "दोन मिनिटं वाजवलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं? एवढी मोठमोठी माणसं आली होती!"

"आली असतीन," त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "पन पाय कुठं दिसून राहिले होते त्याईचे?"

"पायांचं काय एवढं?"

"अवो इहीनबाई, मले कोनं सूर नाई शिकोले. बाप वाजवे तं मी खाली बसून नाचनाऱ्याईचे पाय पाहो. पाय पाह्यले की हात चालते माहा. पाय नसले तं मले काईच येत नाई." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपी गेल्या. बाहेर कपाशीची शेतं मागे पळत होती. त्यांचं डोकं हलकं होतं, आणि माझा राग कधी गेला ते मला समजलं नाही.

त्यांचे डोळे जायला लागले ते आधी त्यांच्या फिडलनं सांगितलं. अंजनगावच्याच एका लग्नात लंगडी नाचणाऱ्या बायकांच्या पुढे पळायला लागली. पावलं मागे, चाल पुढे. एक म्हातारी विहीण अडखळून पडली. सगळ्यांनी तिला उचललं, विहीणबाईंना कुणी काही बोललं नाही. त्यांनी मात्र फिडल पेटीत ठेवलं. वर्षानं अकोल्याला आणून डॉक्टरांना दाखवलं तर काचबिंदू निघाला, तोही फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब टाकून उरलेली जपायची, असं डॉक्टर म्हणाले. जपायला फारसं उरलंही नव्हतं. उजेड-अंधार कळायचा, माणूस आलं-गेलं कळायचं. पाय दिसत नव्हते.

मग त्या आमच्याकडेच राहिल्या. एका घरात दोन विहिणी! शेजारणी मजा बघायला टपलेल्या. पण मजा झालीच नाही. कारण जी बाई माझ्या वरणात मीठ कमी म्हणून माझ्याशी तासभर वाद घालायची, ती आता पानात पडेल ते मुकाट्यानं जेवायला लागली. ते मला सोसेना. मी मुद्दाम भाजी खारट केली. तरी गप्प! समोरच्या खोलीत माझ्या सासऱ्यांच्या वेळचं सागवानी फळ्यांचं तखत आहे, त्यावर त्या दिवसभर बसून राहत आणि फिडलची पेटी तखताखाली.

आमचे हे समजूत घालायला गेले. "यमुनाबाई, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. डोळ्यांची गरजच काय?" ह्यांच्या आग्रहाखातर एकदा विहीणबाईंनी वाजवलंही. मला तर छानच वाटलं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी फिडल खाली ठेवलं. "ह्याच्यात कोनाचेई पाय नव्हते, भाऊ," एवढंच म्हणाल्या. वर्षानं घुंगरू आणले, पायात बांधून त्यांच्यापुढे नाचली. त्यांनी मान हलवली, "हा घुंगराचा आवाज हाय माय, तुह्या पायाचा नाई." आणि आमच्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी पावलाचा आवाज तो काय येणार!

एका सकाळी त्या माझ्यापाशी बोलल्या. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत होते. "इहीनबाई, डोये गेले त्याचं मले काई नाई. पोरगी दिसत नाई, तिचा आवाज येते. तुमी दिसत नाई, ते तं बरंच हाय." हसल्या. "पन लंगडी गेली ना वं माही. बापानं देल्ली होती." थेंब गालावरून खाली ओघळला. औषधाचा की दुसरा, मी पाहिलं नाही. मलाच समोरचं नीट दिसत नव्हतं.

मी त्यांना शेवटचं वाजवताना पाहिलं ते त्यानंतर. उन्हाळा लागल्यावर त्या अंजनगावला गेल्या, मळ्यात जायचं म्हणून हट्टानं गेल्या, आणि तिकडेच एका पहाटे झोपेत गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आवरलेलं होतं. ते मी पाहिलं नाही हे बरंच झालं, कारण मला आठवते ती आमच्या घरातली दुपार.

ऊन उतरलं नव्हतं. घरात सगळे आपापल्या जागी पेंगत होते. विहीणबाई तखताच्या एका टोकाला भिंतीला टेकून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. मला भिंतीतल्या सज्ज्यावरची पापडाची बरणी काढायची होती, म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून तखतावर चढले. माझा देह काही लहान नाही. तखत कुरकुरलं. बरणी जरा लांब होती, मी चवड्यांवर झाले, एक पाय सरकवला, दुसरा सरकवला.

"इहीनबाई," विहीणबाई एकदम म्हणाल्या, "उजवा उचलला ना तुमी?"

मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"आता दोनीही टेकले. आता..." त्या थांबल्या. त्यांनी दोन्ही तळवे आणि दोन्ही पावलं फळ्यांवर सपाट टेकवली होती, जमीन चाचपडावी तशी. "चाला बरं अजून. थांबू नोका. चाला!"

मी चालले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, बरणी सज्ज्यावरच. फळ्या धपधप वाजत होत्या. विहीणबाईंच्या तोंडावर जे काही पसरत चाललं होतं ते पाहत मी आणखी जोरात पावलं टाकली. मला म्हणाल्या, "फिडल काढा."

मी खाली उतरून पेटी काढली, त्यांच्या हातात दिली, आणि पदर खोचून पुन्हा वर चढले. ह्या वयात, भर दुपारी, तखतावर! आतून ह्यांचा आवाज आला, "अगं काय पाडतेस?" विहीणबाईंनी खुंट्या पिळल्या, फिडल छातीला लावलं, पावलं फळीवर घट्ट दाबून धरली आणि वाट पाहत बसल्या. मी पाऊल टाकलं. टेकवलं, शिवलं, झोका. आणि लंगडी आली. माझ्या पुढे नाही, मागे नाही, अगदी माझ्या टाचेखालून निघाल्यासारखी आली. मी जोरात टाकलं की ती उसळे, मी दमले की ती माझ्यासोबत दम खाई. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. हे आणि वर्षा दारात येऊन उभे राहिले होते. वर्षाचा हात तोंडावर होता. मी तरुण नव्हते, म्हातारी नव्हते, अकोल्यात होते की त्या पानमळ्यात, काही कळत नव्हतं. विहीणबाई रडत होत्या आणि हसत होत्या आणि त्यांचा हात थांबत नव्हता.

मग मला खोडी सुचली. एक पाय उचलला आणि तसाच वर धरून ठेवला. टेकवलाच नाही. भिंतीला हात लावून एका पायावर उभी राहिले.

लंगडीही थांबली. गज तारेपासून बोटभर वर, हवेत. विहीणबाईंनी मान तिरपी केली. त्या तशाच थांबून राहिल्या, माझ्या पायासाठी.

"टाका ना वं," त्या शेवटी म्हणाल्या, "कितीक वेळ उभं ठेवता मले?"

मी पाय टेकवला.